एन-गेदीची सहल आणि दहा जनावरांची नावे



गेल्या पेसाहच्या सुटीत आम्ही एन-गेदीला जाऊन आलो. आपल्यापैकी बहुतेकांनी ती जागा पाहिलेली असेल. मीही पूर्वी दोनदा गेले होते, एकदा हॉस्पिटलच्या सहलीबरोबर आणि एकदा मुलं लहान असताना. पण या वेळची सहल वेगळ्या कारणासाठी काढली होती. ते कारण आधी सांगते.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, गेली तीन वर्षे बेत आवोतमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात आहे. ती माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. माझ्या आधी ती या देशात आली, दिमोनात राहिली, कारखान्यात काम केलं, बाजारात भाजीवाल्याशी इव्रीतून कडाकडा भांडायची. आता तिची इव्री गेली. मी आयुष्यभर नर्सचं काम केलं, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं. म्हातारपणी आठवण कमी होऊ लागली की पुष्कळदा जी भाषा मागाहून शिकलो ती आधी जाते, आणि आईच्या मांडीवर शिकलेली शेवटपर्यंत राहते. आमच्या वॉर्डात रुमानियाच्या, मोरोक्कोच्या म्हाताऱ्या माणसांचं असं झालेलं मी पाहिलं आहे. पण आपल्या माणसाचं झालं की कळूनही कळत नाही.

पुरीमनंतर एके दिवशी मी धाकट्या नातीला तिच्याकडे घेऊन गेले. नात सात वर्षांची. आक्काने तिला जवळ बसवलं, गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुला कुठलं जनावर आवडतं ग?" लहान मुलांना आपण विचारतो तसा साधा प्रश्न. नातीला एक अक्षर कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आक्काने परत विचारलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ही पोर मुकी आहे का ग?"

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. दोष नातीचा नाही, तिच्या आईबापाचाही पूर्ण नाही. माझा मुलगा गानमध्ये जायला लागला तेव्हा तिथल्या बाईंनी मला सांगितलं होतं की घरात फक्त इव्री बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. मी ऐकलं. मुलगा मागे पडला नाही, इंजिनिअर झाला. पण मराठी त्याला "जेवलास का" आणि "चल लवकर" एवढीच येते. त्याच्या मुलांना तेवढीही येत नाही.

म्हणून मी ठरवलं, सगळी भाषा नाही तर नाही, आक्काच्या एका प्रश्नाचं उत्तर तरी या मुलांना देता आलं पाहिजे. दहा जनावरांची नावं. तेवढीच. आणि ती घरात बसून पाठ करून घ्यायची नाहीत.

हे मी माझ्या शाळेत शिकले. आम्ही अलिबागजवळच्या गावातून मुंबईला आलो तेव्हा मला माझगावच्या सर एली कदूरी शाळेत घातलं. तिथून राणीची बाग जवळ. आमच्या बाई वर्षातून एकदा आम्हाला दोन-दोनच्या रांगेत चालवत तिथे न्यायच्या. राणीची बाग १८६२ साली सुरू झाली. फाटकाजवळ डेविड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, आणि म्युझियमच्या बाजूला घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. बाई आमच्या हातात वही-पेन्सिल द्यायच्या आणि एकच नियम सांगायच्या. जे जनावर डोळ्यांनी पाहिलं, त्याचंच नाव वहीत लिहायचं. कोणी न पाहता "सिंह" लिहिलं तर बाई ते खोडायला लावायच्या. त्या वहीतली नावं मी आजही विसरलेली नाही.

तर पेसाहच्या हॉल हामोएदमध्ये मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू, नात आणि मी असे पाच जण सकाळी साडेसहाला बेर शेवाहून निघालो. डब्यात मात्सा, उकडलेली अंडी आणि बटाट्याची भाजी होती. दोन्ही मुलांना मी एकेक छोटी वही दिली. पहिल्या पानावर एक ते दहा आकडे घातले होते, पुढे जागा रिकामी. नातवाने विचारलं, "सावता, यात काय भरायचं?" मी म्हटलं, "जे दिसेल ते. नाव मी मराठीत सांगीन, तू इव्री अक्षरांत लिही. पण पाहिल्याशिवाय लिहायचं नाही."

अरादपर्यंत रस्ता सपाट आहे. अराद सोडलं की तो वळणं घेत खाली उतरू लागतो आणि कानांना दडे बसतात. मृत समुद्राचं पाणी आज समुद्रसपाटीपासून ४३० मीटरांहून जास्त खाली आहे. जमिनीवर याहून खोल उघडी जागा जगात नाही. उजवीकडे ते निळं खारं पाणी, डावीकडे तपकिरी डोंगर, मध्ये मासादाचा उंचवटा, आणि मग एकदम हिरवा ठिपका दिसतो. तेच एन-गेदी.

गाडीतच मी पहिला धडा सुरू केला. "एन" म्हणजे झरा हे मुलांना माहीत होतं. "गेदी" म्हणजे? नात म्हणाली, "बकरीचं पिल्लू." मी म्हटलं, मराठीत त्याला करडू म्हणतात. सेदेरच्या रात्री शेवटी ज्या करडाचं गाणं आपण गातो ते "गद्या" आणि हे "गेदी" एकाच घरचे शब्द. एन-गेदी म्हणजे करडाचा झरा. "करडू, करडू," नात म्हणत राहिली. तो शब्द तिच्या तोंडात छान बसला. पण वहीत लिहायला मी दिला नाही, कारण करडू अजून दिसलं नव्हतं.

नऊ वाजायच्या आत आम्ही नाहल दाविदच्या फाटकाशी पोचलो. गाडी लावली तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज आला. काळेभोर पक्षी, पंखांत नारिंगी पट्टा, माणसांना न घाबरता गाड्यांवर येऊन बसत होते. इव्रीत त्यांना त्रिस्त्रामीत म्हणतात. ट्रिस्ट्रम नावाचे एक इंग्रज पाद्री एकोणिसाव्या शतकात या देशात पशुपक्ष्यांचा अभ्यास करत हिंडले, त्यांच्यावरून हे नाव पडलं. हा पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातला. मुलांना साळुंकी ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नाही. आपल्या घरांसमोर हल्ली पिवळ्या चोचीची, डोळ्यामागे पिवळा डाग असलेली "मायना" फिरते ना, तीच आपली मुंबईची साळुंकी. ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेल अवीवच्या बाजूला मोकळी सुटली आणि सगळ्या देशात पसरली. इथले पक्षीतज्ज्ञ तिच्यावर रागावलेले आहेत, कारण ती दुसऱ्या पक्ष्यांची घरटी बळकावते. नातू म्हणाला, "म्हणजे तीसुद्धा होदूहून आलिया करून आली!" मी म्हटलं, हो, पण कागदपत्रांशिवाय. अशा रीतीने पहिल्या ओळीत "साळुंकी" लिहिलं गेलं.

फाटकातून आत गेल्यावर पन्नास पावलांवर रानबकरे दिसले. इव्रीत याएल. नातीच्या वर्गात दोन याएल आहेत, त्यामुळे ती खो-खो हसू लागली. "दोघी बकऱ्या?" मी म्हटलं, हसू नकोस, आपल्या लोकांनी जनावरांची नावं मुलांना मानाने दिली आहेत. त्स्वी म्हणजे हरीण, झेएव म्हणजे लांडगा, आर्ये म्हणजे सिंह. याएल ही कड्यावर न घसरता चालणारी, म्हणून मुलीला ते नाव.

एक मोठा नर वाटेपासून दहा हातांवर उभा होता. मागे वळलेली त्याची शिंगं जवळजवळ मीटरभर लांब. त्याच्या पाठीवर एक त्रिस्त्रामीत बसून केसांतले किडे टिपत होती. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो तसंच. नातवाने विचारलं, ही शिंगं दरवर्षी पडतात का? प्रश्न चांगला होता. बालमित्रांनो, तुम्हीही नीट वाचा. शिंगं दोन प्रकारची असतात. सांबर, चितळ यांची फांद्याफांद्यांची शिंगं भरीव हाडाची असतात. ती दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. बकरा, मेंढा, गाय यांची शिंगं आयुष्यभर वाढतात, गळत नाहीत. आत हाडाचा खुंट आणि बाहेर नखासारखं कवच. खुंट काढला की कवच पोकळ राहतं. म्हणूनच मेंढ्याच्या शिंगाचा शोफार होतो, सांबराच्या शिंगाचा होऊ शकत नाही. मिश्नामध्ये याएलच्या शिंगाच्या शोफारचाही उल्लेख आहे. नातवाने शोफार शंभरदा ऐकला होता, पण तो पोकळ का असतो याचा विचार केला नव्हता. खरं सांगायचं तर मीही फार उशिरा केला.

माद्यांजवळ दोन करडं होती. त्या दिवसांतच ती जन्मतात. एक आईच्या पोटाखाली डोकं घालून ढुशा देत पीत होतं. इथे मला माझी नोकरी आठवली. मी बाळंतिणींच्या वॉर्डात बावीस वर्षे होते. नवीन आले तेव्हा पहिले जे इव्री शब्द शिकले त्यांत एक होता "योनेक", म्हणजे अंगावर पिणारं. "बाळ पितंय का?" हे दिवसातून वीसदा विचारावं लागायचं. पुष्कळ वर्षांनी मुलाच्या शाळेच्या पुस्तकात "योन्कीम" असं प्रकरण पाहिलं. मला वाटलं तान्ह्या बाळांचं असेल. तर ते जनावरांचं! जी पिल्लांना दूध पाजतात ती सगळी जनावरं योन्कीम. मराठीत त्यांना सस्तन प्राणी म्हणतात. "स" म्हणजे सहित, स्तन असलेले. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली. इव्रीने पिणाऱ्याकडे पाहिलं आणि मराठीने पाजणारीकडे.

करडू पाहून झालं, आता लिहायची परवानगी मिळाली. नातीने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि शेजारी चित्रही काढलं.

ओढ्याकाठच्या वाटेने आम्ही पुढे निघालो. वर धबधबा आहे, छत्तीस मीटर उंचीवरून पाणी पडतं. मी शेवटपर्यंत गेले नाही, गुडघे ऐकत नाहीत. सून आणि मी खालच्या पाण्याजवळ सावलीत बसलो. वाटेत रुईची झुडपं दिसली. हो, आपली कोकणातली रुई! पान मोडलं की पांढरा चीक येतो तीच. इथे तिला सोदोमचं सफरचंद म्हणतात. तिच्यावर नारिंगी पंखांचं, काळ्या कडेचं फुलपाखरू भिरभिरत होतं. त्याचे सुरवंट रुईची पानं खातात. चिकामुळे ते कडू होतात आणि पक्षी त्यांना खात नाहीत. हेच फुलपाखरू, अगदी हीच जात, अलिबागच्या रुईवरही असते. मी लहानपणी त्याच्यामागे धावले आहे. फुलपाखरू हा कीटक. सहा पाय, पाठीचा कणा नाही. कणा नसलेल्या प्राण्यांना अपृष्ठवंशीय म्हणतात. हा शब्द मुलांना जमणार नाही असं मला वाटलं होतं. नातवाने चार वेळा प्रयत्न करून म्हटला आणि मग दिवसभर बहिणीला चिडवायला वापरला.

एका दगडावर सरडा होता, डोकं आणि मान निळी. विणीच्या दिवसांत इथल्या नराला असा रंग येतो. इव्रीत त्याला हार्दोन म्हणतात. आपल्या वाडीतला सरडा त्याचाच भाऊबंद, पण त्याचा गळा लाल होतो. सरपटणारे प्राणी, इव्रीत झोहालीम. तिथेही तोच अर्थ, जमिनीलगत सरपटणारे. बेडूक मात्र उभयचर, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा. इव्रीत दू-हाय, दोन आयुष्यांचा.

आता मुख्य पाहुणा. सावलीत बसलो होतो तिथे समोरच्या झाडावर काहीतरी हललं. मांजराएवढं, तपकिरी, गुबगुबीत, कान छोटे, शेपूट नाहीच. एक झाडावर पाला खात होतं, पाच-सहा खडकावर ऊन खात पडली होती, आणि एक उंच दगडावर बसून चौफेर पहारा करत होतं. हा शाफान सेला. मुलं धबधब्याहून परत आली तेव्हा ती त्याच्यापासून हलेनात. तेवढ्यात नातीने तो प्रश्न विचारला, "सावता, मराठीत याला काय म्हणतात?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मराठीत याला नाव नाही. हा प्राणी आफ्रिकेत आणि आपल्या या भागात राहतो, भारतात नाही. जे जनावर आपल्या लोकांनी कधी पाहिलंच नाही त्याला नाव कोण देणार? बाईंच्या नियमाची ही दुसरी बाजू मला सत्तरी ओलांडल्यावर कळली.

नातू म्हणाला, "मग आपण ठेवू. खडकावरचा ससा." मी म्हटलं, नको, ससा तर हा मुळीच नाही. बालमित्रांनो, ऐका आणि चकित व्हा. या छोट्या प्राण्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक ससा नाही, उंदीर नाही, तर हत्ती! आणि दुसरी समुद्रगाय. फार फार प्राचीन काळी या तिघांचे पूर्वज एक होते. खुणा अजून शिल्लक आहेत. शाफानच्या वरच्या जबड्यातले दोन दात छोट्या सुळ्यांसारखे सतत वाढतात. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन, आणि बहुतेक बोटांना हत्तीसारखी चपटी नखं. तळवे रबरासारखे मऊ आणि ओलसर, त्यामुळे गुळगुळीत कड्यावरही तो घसरत नाही. आणि माझ्या खात्यातली गोष्ट म्हणजे गर्भारपण. सशीण महिना-दीड महिन्यात विते. शाफानची मादी एवढीशी असून सात महिन्यांहून जास्त दिवस पोटात पिल्लू वाढवते. हत्तीण जवळजवळ बावीस महिने. शाफानचं पिल्लू डोळे उघडे घेऊनच जन्मतं आणि थोड्या वेळात धावू लागतं.

राणीच्या बागेतला तो दगडी हत्ती मला आठवला. त्याचा हा चिमुकला भाऊ इथे खडकावर ऊन खात बसला होता.

तोरामध्ये शाफानचं नाव न खाण्याच्या जनावरांत आहे. रवंथ करतो पण खूर दुभंगलेले नाहीत, म्हणून. तो बसल्या बसल्या जबडा हलवत राहतो हे आम्ही पाहिलं. शास्त्रज्ञ सांगतात की गायीसारखा खरा रवंथ तो करत नाही. पण मला वाटतं, आपले कश्रुतचे नियम म्हणजे स्वयंपाकघरातला प्राणिशास्त्राचा तासच होता. खूर कसे, रवंथ करतो का, माशाला पंख आणि खवले आहेत का, हे आमच्या आईला पुस्तकाशिवाय कळायचं. दावीद राहबी कोकणात आले तेव्हा बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले, आणि त्यावरून त्यांनी आपल्या पूर्वजांना ओळखलं, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. दाविद राजाही शौलापासून लपायला याच कड्यांत आला होता, रानबकऱ्यांच्या खडकांवर. तेहिलीममध्ये उंच डोंगर याएलला आणि खडक शाफानला दिला आहे असं म्हटलं आहे. आम्ही बसलो होतो तिथून दोन्ही दिसत होते, वर ते आणि खाली हे.

वहीत चार ओळी रिकाम्या राहिल्या. मी योजलं होतं बिबट्या, तरस, कोल्हा आणि साळिंदर. नातू कुरकुरला. मी म्हटलं, हे निशाचर, रात्री बाहेर पडणारे. साळिंदर म्हणजे दोर्बान आणि तरस म्हणजे त्सावुआ हे इथेही आहेत आणि महाराष्ट्रातही, तीच जात. साळिंदराच्या शास्त्रीय नावातच "इंडिका" आहे. बिबट्याची गोष्ट मात्र वाईट. १९७० आणि १९८० च्या दशकांत एन-गेदीच्या आसपास बिबटे वावरत होते. आज तिथे ते दिसत नाहीत. तिकडे मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बिबटे एवढ्या मोठ्या शहराला खेटून राहतात, आणि इथे ओसाड वाळवंटात उरले नाहीत. नातीने विचारलं, मग त्याचं नाव कधी लिहायचं? मला उत्तर देता आलं नाही. ती ओळ तिने तशीच ठेवली आहे.

परत येताना अरादच्या पुढे गाडी थांबवली. अंधार पडत होता. लांबून कोल्हे ओरडू लागले, एक थांबला की दुसरा. मुलांनी कान टवकारले. मी म्हटलं, याला कोल्हेकुई म्हणतात. पाहिलं नाही पण ऐकलं. बाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे, मी मात्र लिहायला परवानगी दिली. हिशेब सांगायचा तर साळुंकी, रानबकरा, करडू, फुलपाखरू, सरडा, कोल्हा ही सहा नावं झाली. सातवा शाफान, नाव इव्री आणि वही मराठी. दहा झाली नाहीत.

सण संपल्यावर दोघांना घेऊन मी आक्काकडे गेले. नात तिच्या शेजारी बसली आणि न विचारताच, बोटं मोजत म्हणाली, "आक्का, करडू. रानबकरा. साळुंकी. फुलपाखरू." आक्का तिच्याकडे बघत राहिली. मग नात अडखळली आणि म्हणाली, "शाफान." मला वाटलं, आता आक्काला समजणार नाही.

आक्का म्हणाली, "शाफान? तो तोरातला? खूर फाटलेले नाहीत तो?"

लहानपणी गावी वडील शब्बाथच्या दुपारी पाराशा वाचून मराठीत समजावून सांगायचे, मी तेव्हा तान्ही असेन. आक्काला ते नाव तिथून ठाऊक होतं. इतकी वर्षे या देशात राहून तिने तो प्राणी पाहिला नव्हता. तिच्याकडे नाव होतं, जनावर नव्हतं. "कसा दिसतो ग?" तिने विचारलं. नातीला एवढी मराठी कुठली? पण तिने हाताने आकार दाखवला, कमरेमागे हात नेऊन "नाही, नाही" केलं म्हणजे शेपूट नाही, आणि मग म्हणाली, "हत्ती. भाऊ." आक्का इतकी हसली की बाजूच्या खोलीतली बाई बघायला आली.

मग आक्काने तिच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. कोल्ह्याने कोंबडी पळवली आणि आई लाटणं घेऊन मागे धावली. मुलांना त्यातले दोनच शब्द कळत होते, कोल्हा आणि कोल्हेकुई. ते आले की दोघं बोट वर करायची. आक्काला वाटलं मुलांना सगळं समजतंय, आणि ती सांगतच राहिली.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा आक्का सगळं विसरली होती. तिने नातीला परत विचारलं, "तुला कुठलं जनावर आवडतं ग?" नातीने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "करडू."

वाचकहो, आपल्या नातवंडांना सगळी मराठी शिकवणं आता आपल्या हातात राहिलेलं नाही. पण दहा शब्द आहेत. आणि बेत आवोतमध्ये ते ऐकायला बसलेलं कोणीतरी आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरचं आहे. पुढच्या सुटीत वही घ्या आणि मुलांना बाहेर न्या. लांब जायला नको. घरासमोरच्या झाडावर बुलबुल आहे, आणि त्याचं नाव तर दोन्ही भाषांत एकच.

बालमित्रांसाठी शब्द, आधी मराठी, मग इव्री:

रानबकरा – याएल
करडू – गेदी
बिबट्या – नामेर
तरस – त्सावुआ
कोल्हा – तान
साळिंदर – दोर्बान
साळुंकी – मायना
सरडा – हार्दोन
फुलपाखरू – पार्पार
बुलबुल – बुलबुल
सस्तन प्राणी – योन्कीम
सरपटणारे प्राणी – झोहालीम
उभयचर – दू-हाय

आणि एक प्रश्न. शोफार सांबराच्या शिंगाचा का होत नाही? उत्तर वरच्या लेखातच आहे. शोधा आणि आजी-आजोबांना मराठीत सांगा. अडलात तर हातांनी सांगा, चालेल.